मापाची वही

टेप कमरेभोवती फिरला की बाई श्वास आत ओढते. २२ वर्षं ब्लाऊज शिवतेय, पण श्वास न ओढता माप देणाऱ्या बायका बोटांवर मोजाव्यात एवढ्याच भेटल्या. कॉलेजची पोर ओढते, तशाच पासष्टीच्या निवृत्त बाईही ओढतात. मी काही बोलत नाही. टेप सैल धरून ठेवते आणि विचारते, "धाकटा कितवीला आता?" उत्तर द्यायचं तर श्वास सोडावाच लागतो. बोलता बोलता पोट आपल्या जागेवर येतं, मग मी आकडा बघते. हे शिवणक्लासात कुणी शिकवलं नाही. तिथं शिकवतात ते छातीचं माप, मुंढा, कटोरी, टक्स. श्वास धरून दिलेल्या मापाचा ब्लाऊज पहिल्या हळदीकुंकवाला हूक तोडतो, हे दुकान टाकल्यावर कळलं.

आणखी एक गोष्ट नेहमी घडते. दंडघेर घ्यायला टेप वर नेला की बाई म्हणते, "सॉरी हं ताई, दंड फार सुटलेत." स्वतःच्या दंडाबद्दल ती माझी माफी मागते. ज्या दंडांनी पोरं खांद्यावर घेतली, गॅसचा सिलिंडर सरकवला, सासऱ्यांना अंथरुणावरून उठवून बसवलं, त्या दंडांबद्दल. दर वेळी माझ्या पोटात तुटतं, कारण ही माफी मी स्वतः फार वर्षं मागत आलेय, आणि ती कुणाकडे मागतेय हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागांच्या पट्ट्यातलं. शाळेत मला 'भोपळा' म्हणायचे. मधल्या सुट्टीत मैदानात पाय टाकला की चार-पाच जण मागून टुणुक टुणुक करत यायचे. ती गोष्ट तुम्हालाही ठाऊक आहे. म्हातारी लेकीच्या घरी जाते, तूप-रोटी खाते, चांगली जाडजूड होते आणि भोपळ्यात बसून माघारी येते. आज्जी रात्री तीच सांगायची आणि मी तिला मध्येच थांबवायचे. का, ते तिला कधी सांगितलं नाही. आता वाटतं, त्या गोष्टीत म्हातारीचं जाड होणं हेच तर सुख आहे. लेकीनं इतकं मायेनं खाऊ घातलं की आईच्या अंगावर ते दिसायला लागलं. आमच्या मैदानावर पोचेपर्यंत त्यातली लेक गळून पडली होती आणि तेवढी टुणुक उरली होती.

दुसरा भोपळा आमच्या विहिरीवर होता. वडिलांनी मला पाठीला सुकवलेला भोपळा बांधून पोहायला शिकवलं. आमच्याकडं सगळी पोरं तशीच शिकतात. तिसऱ्या उन्हाळ्यात भोपळा सुटला आणि मी एकटी विहिरीला फेरा मारून आले. पाण्यात माझं वजन कुणाला कळत नव्हतं, मलासुद्धा नाही. तेराव्या वर्षी ते थांबलं. ओला परकर-पोलका अंगाला चिकटलेला, मी पायऱ्या चढून वर येत होते आणि काठावर बसलेल्या एका पाहुण्या बाईनं आईला विचारलं, "हिला घालता तरी काय खायला?" बायका हसल्या. आई पण हसली, बिचारी करणार काय. पुढच्या उन्हाळ्यात मी म्हटलं, मला सर्दी होते.

आज्जी माझ्याच अंगाची होती. तिला कधी स्वतःच्या देहाची लाज वाटलेली मी पाहिली नाही. ती नऊवारी नेसायची आणि खणाची गाठीची चोळी घालायची. खण गुळेदगुड्डचा, काठ लाल. चोळीची दोन टोकं पुढं ओढून गाठ मारली की झालं. सुगीत अंग भरलं तर गाठ जरा टोकाशी, चातुर्मासाच्या उपासांत उतरलं तर जरा आत. शिंप्याकडं नवा खण देताना सोबत जुनी चोळी द्यायची, बस. आज्जीला तिचं माप मरेपर्यंत ठाऊक नव्हतं. तिचा काळ सुखाचा होता असं मी म्हणणार नाही. तिची आठ बाळंतपणं झाली, त्यातली तीन मुलं राहिली नाहीत. पण अंगावरचं कापड तिच्याशी भांडत नव्हतं. गाठ जाऊन हूक आले, आणि हुकाबरोबर आकडा आला. मी पोटापाण्यासाठी हूकच लावते, तरीही हे मला म्हणावंसं वाटतं.

बघण्याच्या कार्यक्रमांबद्दल फार लिहीत नाही. चौथं स्थळ जमलं. आधीच्या एका घरातून निरोप आला होता की मुलगी 'सुटायच्या अंगाची' आहे. त्या आठवड्यापासून आईनं माझ्या ताटातलं तूप बंद केलं, आणि पाहुणे यायच्या दिवशी गडद निळी साडी काढून द्यायला लागली, गडद रंगात बारीक दिसतं म्हणून.

'सुटणं' या शब्दाचा मी मशीनवर बसल्या बसल्या बराच विचार केलाय. आपल्याकडं बाळ बाळसं धरतं, पोर वयात येताना अंग धरते, सून खात्यापित्या घरची दिसते. तोपर्यंत सगळं 'धरणं' असतं आणि कौतुकाचं असतं. मग एक दिवस तेच अंग 'सुटतं'. जे बांधून ठेवायचं होतं ते हातातून निसटलं, असं त्या शब्दात बसलेलं आहे. बाईचं अंग कुणी बांधून ठेवलं होतं? आणि बारीक बाईचीही सुटका नाही. माझ्या धाकट्या जावेला 'हडकुळी', 'वाळली', 'हिला अंगच नाही' हे ऐकत ऐकत वीस वर्षं झाली. ती ब्लाऊजला पॅड लावून घेते आणि मी कोपरापर्यंत बाही. आम्ही दोघी एकाच घरात, एकमेकींच्या अंगाकडं आशेनं बघत राहिलो.

२००३ मध्ये सांगलीत मारुती चौकाजवळ दुकान टाकलं. पत्र्याचं शटर, एक पायमशीन, एक कटिंगचं टेबल. गावातल्या बायकांची मापं माझ्या वहीत गेली, माझं मात्र कधीच गेलं नाही. स्वतःचे ब्लाऊज मी जुन्यावरून अंदाजानं कापायचे, एक इंच मोठेच. सांगलीच्या एप्रिलमध्ये, पत्र्याखाली, कोपरापर्यंत बाही घालून. फोटोत मी नेहमी मागच्या रांगेत, पुढ्यात कुणाचं तरी मूल धरून उभी.

हल्ली ऑनलाइन मागवलेले कुर्ते आणि टॉप दुरुस्तीला येतात. "काकू, एक्सएल पण होत नाही हो," असं सांगताना मुलींचे डोळे भरून येतात. मी त्यांना साइझची गोष्ट सांगते. तयार कपड्यांसाठी बायकांची पहिली मोठी मोजणी अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९३९-४० मध्ये केली. सुमारे १५ हजार बायका, प्रत्येकीची ५९ मापं. त्यातही हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. एवढ्या मोजूनही सगळ्यांना बसेल असा तक्ता काही निघाला नाही, कारण दोन बायकांची छाती सारखी असली तरी खांदे, पाठ, कंबर सारखी असतेच असं नाही. आपल्याकडं निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेनं सहा शहरांत २५ हजार लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायचं काम हाती घेतलं ते अगदी अलीकडं. म्हणजे इतकी वर्षं आपण ज्या लेबलात स्वतःला कोंबत होतो, ते बेतताना आपल्यापैकी कुणाच्या अंगाला टेप लागलेलाच नव्हता. मी मुलीला म्हणते, कुर्ता चुकलाय, आण इकडं. बाजूची शिवण उसवते, आत कळी घालते. अर्ध्या तासाचं काम असतं.

हे दुसऱ्यांना सांगायला मला छान जमत होतं.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. २००५ च्या पुराच्या अंदाजानं मी सामान वर ठेवलं होतं, पण पाणी त्याच्याही वर गेलं. उतरल्यावर शटर उचललं तर आत गुडघाभर गाळ, मशीन आडवं, आणि १६ वर्षांच्या मापांच्या वह्यांचा लगदा झालेला. निळी शाई सगळी धुऊन गेली होती. पानं सोडवायला गेले की हातात तुटायची. कापडाचं नुकसान पुढच्या दिवाळीपर्यंत भरून निघालं, पण त्या वह्यांसाठी मी रडले.

तीन आठवड्यांत गणपती, मागोमाग गौरी. पूर आला तरी गौरी येतात, आणि गौरीला नवा ब्लाऊज लागतोच. बायका आल्या आणि मी नव्या दोनशे पानी वहीत सगळ्यांची मापं पहिल्यापासून घेतली. तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. एरवी माप घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मागच्या वेळी किती होतं?" आणि मग चेहरा पडायचा. या वेळी मी म्हणायचे, "वाहून गेलं." बाई क्षणभर गप्प व्हायची, मग "बरं झालं" म्हणायची, आणि खरंच हलकी झाल्यासारखी टेबलावरचे खण बघायला लागायची. ३८ ला शेजारी ३६ उभा नसला की तो नुसता ३८ असतो. ब्लाऊज कापायला लागणारी खूण, याहून जास्त काही नाही.

लेक तेव्हा १७ वर्षांची. कॉलेज बंद होतं म्हणून वही तिच्या हातात दिली होती. एका संध्याकाळी गिऱ्हाईक संपल्यावर तिनं नवं पान काढलं, वर 'आई' लिहिलं आणि टेप गळ्यात घालून माझ्यासमोर उभी राहिली.

"राहू दे गं," मी म्हटलं.

"उभी राहा सरळ."

लाईट अजून नीट आली नव्हती. चार्जिंगच्या दिव्याच्या उजेडात तिनं आधी शोल्डर घेतला, मग छाती, मग मुंढा. टेप कमरेशी आला आणि मी श्वास आत ओढला. मला ओढायचा नव्हता, तो ओढला गेला. लेकीनं टेप सैल धरला, वर बघितलंही नाही आणि विचारलं, "आई, रात्री भाजी काय करायची?"

मला आधी हसू आलं आणि मग रडू. ती थांबून राहिली. मी म्हटलं, "बटाट्याचा रस्सा कर." तिनं आकडा लिहिला. छाती ४२, कंबर ३८, दंडघेर १५, उंची १५. तिच्या गोल अक्षरात, एका ओळीत. किती वर्षं मी या आकड्यांपासून पळत होते. समोर आले तेव्हा ते इतर बायकांच्या पानांवर असतात तसेच दिसले. ३८ ची कंबर तर मी त्या आठवड्यात पाच जणींची लिहिली होती. त्या पाचजणींपैकी एकीही मला वाईट दिसली नव्हती.

त्या मापावर मी स्वतःला पहिला ब्लाऊज शिवला, मोरपंखी खणाचा, चार इंच बाहीचा. दंडाला पहिल्यांदा वारा लागला.

आकड्यांचं ओझं उतरलं म्हणून वही बंद करावी असंही नाही, हे मला एका मुलीनं शिकवलं. कॉलेजच्या निरोप समारंभासाठी तिचा ब्लाऊज शिवला तेव्हा छाती ३४. दोन महिन्यांनी तोच आत घ्यायला आली, ३२. त्यानंतर दीड महिन्यानं पुन्हा, ३०. आई सोबत होती आणि खूश होती, "बघा ना, किती छान झालीय." मी मुंढ्याचं माप घेताना तिच्या हातावर बारीक लव वाढलेली पाहिली. बोटं गार. "भूक लागते का गं?" विचारलं तर ती हसली आणि म्हणाली, "आता नाही लागत काकू." मला त्या हसण्याची भीती वाटली. आई बाहेर चप्पल घालत होती. तिला मी आत बोलावलं आणि वहीतलं पान दाखवलं. ३४, ३२, ३०, बाजूला तारखा. शिंपिणीनं बोलावं असं हे नव्हतं, त्या बाईंना राग आला आणि तो मला समजला. पण चार दिवसांनी त्यांनी मुलीला मिरजेला डॉक्टरांकडं नेलं, तिथून मानसोपचारतज्ज्ञांकडं. वर्षभर उपचार चालले. आजाराला नाव आहे, उपचार आहेत, आणि तो हट्ट नव्हे, हे त्या घराला कळायला वेळ लागला.

पुढं मी त्याबद्दल वाचत गेले तेव्हा फिजीची हकिकत सापडली. त्या बेटांवर भरलेलं अंग चांगलं मानायचे, कुणी वाळलं तर घरच्यांना काळजी वाटायची. आज्जीच्या गावासारखंच. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही पोचला. अ‍ॅन बेकर नावाच्या संशोधक बाईंनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींना खाण्याबद्दलचे तेच प्रश्न विचारले. खाण्याशी बिघडलेलं नातं दाखवणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजन घटवायला मुद्दाम उलटी करणारी आधी एकही नव्हती, तीन वर्षांनी शंभरात अकरा होत्या. एका टीव्हीनं तीन वर्षांत हे केलं. आमच्या पोरींच्या हातात तर चोवीस तास मोबाईल आहे.

२०२३ मध्ये माझी साखर काठावर निघाली. डॉक्टरांनी वजन-उंची घेतली, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३० सांगितला. एकेकाळी मी हे ऐकून महिनाभर आरशासमोर गेले नसते. या वेळी घरी येऊन वाचत बसले. हे सूत्र १८३० च्या दशकात बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञानं काढलं, माणसांच्या घोळक्याची सरासरी समजून घ्यायला. एकेका माणसाची तब्येत सांगणं हा त्याचा हेतू नव्हता. बीएमआय हे नाव तर १९७२ मधलं. आणि २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच जोडीचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वरून बारीक दिसणाऱ्या आपल्या लोकांच्या पोटात चरबी साठते आणि साखर वाढवते. म्हणून आपल्यासाठी जास्त वजनाची रेषा बीएमआय २३ वर ओढतात आणि बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात.

हे वाचून मला दोन गोष्टी एकदम पटल्या. माझ्या जावेला बारीक आहे म्हणून कुणी तपासायला पाठवलं नव्हतं, तिलाही मी घेऊन गेले. आणि अंगावर माया करायची म्हणजे साखरेकडं डोळेझाक करायची असं नाही. उलट, लाज होती तोवर मी डॉक्टरकडं जायचंच टाळलं होतं. आता आम्ही दोघी पहाटे आमराईत चालायला जातो. कंबर ३८ ची ३७ झाली आणि गेलं वर्षभर तिथंच आहे. साखर उतरली. मी रात्रीचा भात कमी केला. तूप मात्र पुन्हा सुरू केलं, चमचाभर, गरम भाकरीवर.

मिरजेला सतारमेकर गल्लीत माझं एक गिऱ्हाईक आहे. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच सुमारास मी ब्लाऊज पोचवायला गेले होते. कारखान्यात माळ्यावर भोपळे टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले, एकासारखा दुसरा नाही. त्या गिऱ्हाईक बाईंचे सासरे एका मोठ्या भोपळ्याच्या तोंडावर तबली बेतत होते. लाकडाचा पातळ तुकडा लावायचे, काढायचे, कानशीनं कडेला जरा घासायचे, पुन्हा लावायचे. मी विचारलं, एवढं करण्यापेक्षा भोपळाच जरा कापून नीट का करत नाही?

"भोपळ्याला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "तो आला तसा. लाकूड त्याच्या मापानं." मग त्यांनी बोटानं टकटक करून दाखवलं. लहान भोपळा बायकांच्या आवाजाच्या तंबोऱ्याला, आणि हा मोठा, रुंद, खर्जातल्या आवाजाला. मी तळहात टेकवून बसले होते. बाजूला जुळवलेला तंबोरा त्यांनी छेडला तेव्हा तो सूर तळव्यातून थेट कोपरापर्यंत आला. मैदानावर मला ज्या नावानं हाक मारायचे, ते मी परतीच्या एसटीत मनातल्या मनात दोन-तीन वेळा म्हणून पाहिलं.

या मे महिन्यात माहेरी जाताना मी पोहायचा ड्रेस शिवला. लायक्राचं कापड, गुडघ्यापर्यंत पाय, अर्धी बाही. या कापडाला साधी सुई चालत नाही, टाके सुटतात. बॉलपॉइंट सुई घातली, झिगझॅग मारलं. आत मार्जिन ठेवलं नाही. दर वेळी स्वतःसाठी ठेवायचे तो एक इंच जास्तीचाही ठेवला नाही.

विहिरीवर भाची पाठीला भोपळा बांधून पायरीवर बसली होती, उतरायला घाबरत. भाऊ पाण्यात उभा राहून हाका मारत होता. काठावर वहिनी होती, तिच्या माहेरच्या दोघीजणी होत्या. मी ओढणी काढून कठड्यावर ठेवली. श्वास ओढला गेलाच, तो अजून जातो. भाचीनं माझ्याकडं वर पाहिलं आणि विचारलं, "आत्या, पाणी लई गार हाय का?"

"बघूया," मी म्हटलं, आणि तिचा हात धरून पहिली पायरी उतरले.